नवं इंजिन अडखळत का चालतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

छोट्या रेल्वेच्या छंदाबद्दल या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली पत्रं जवळपास एकाच दुखण्याची आहेत: इंजिन नवं आहे, पण नीट चालत नाही. पहिलं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे, कारण त्यातला तपासणीचा क्रम सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे. बाकीच्यांनीही आपला प्रश्न वाचण्याआधी तो एकदा वाचावा.

प्रश्न : एचओ मापाचं (खऱ्याच्या १/८७ आकाराचं) नवं डिझेल इंजिन घेतलं. रूळ मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीच्या सेटमधले आहेत, अंडाकृती, १८ इंच त्रिज्येचे. इंजिन अर्धी फेरी बरं जातं, मग गचके खातं आणि थांबतं. बोटानं जरा ढकललं की परत निघतं. मोटर खराब असेल का? उघडून बघू का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उघडू नका. मोटरवर एवढ्यात संशयही घेऊ नका. बोटाच्या धक्क्यानं जे इंजिन परत निघतं, त्याची मोटर बहुधा ठणठणीत असते, तिच्यापर्यंत वीज पोचत नसते. कंट्रोलरमधून निघालेली वीज आधी तार, मग रुळांचे जोड, मग रूळ, चाकाची कड, चाकाला टेकलेली पातळ पत्ती, आतली सर्किटची पट्टी आणि कार्बन ब्रश असा प्रवास करून मोटरच्या गुंडाळीत शिरते. चाक रुळाला जिथे टेकतं ती जागा टाचणीच्या टोकाएवढी असते. तिथे काळपट थर बसला की इंजिन थांबलंच. म्हणून तपासणी नेहमी बाहेरून आत करत न्यावी. आधी रूळ, मग चाकं, मग पत्त्या, आणि सर्वांत शेवटी मोटर.

सुरुवात इंजिनच्या दिव्यापासून करा. खोलीत थोडा अंधार करून इंजिन चालवा आणि ते थांबतं त्या क्षणी दिवा पाहा. दिवाही विझला किंवा मिणमिणला, तर वीज वाटेतच तुटते आहे. दिवा नीट जळतो आहे पण चाकं थांबली आहेत, तर दोष मोटरकडे, गिअरकडे किंवा मधल्या तारेकडे आहे. एवढ्या एका निरीक्षणानं अर्धं काम होतं.

मग पेन्सिल घ्या. इंजिन जिथे जिथे थांबेल तिथे रुळाशेजारी फळीवर खूण करा. पाच-सहा फेऱ्या होऊ द्या, मग इंजिन उलटं वळवून ठेवा आणि आणखी पाच-सहा फेऱ्या घ्या. खुणा एकाच जागी गोळा झाल्या तर दोष रुळात आहे. कुठेही विखुरल्या तर इंजिनच्या चाकांत किंवा पत्त्यांत. आणि ठरावीक अंतरानं, साधारण दर चार सेंटिमीटरला बारीक गचका बसत असेल, तर तो चाकाच्या एका फेऱ्याचा गचका आहे. एचओ डिझेलच्या चाकाचा व्यास सुमारे १२ मिमी, म्हणजे परीघ ३७ ते ४० मिमी. अशा वेळी आसावरच्या गिअरला चीर गेलेली असते, दात मोडलेला असतो किंवा दातांत कचरा अडकलेला असतो.

तुमचे रूळ जुने आहेत, तेव्हा आमचा पहिला संशय त्यांच्यावर आहे. रुळाला लहान लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर रूळ पोलादाचे आहेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते गंजतात, आणि कितीही पुसले तरी दर वर्षी तेच रडगाणं. असे रूळ बदललेले बरे. चुंबक चिकटला नाही आणि रंग पिवळट असेल तर ते पितळी आहेत. पितळेवर चढणारा काळसर थर वीज नीट जाऊ देत नाही, त्यामुळे ते सारखे पुसावे लागतात. पांढुरके असतील तर निकेल सिल्व्हरचे. आपल्याकडे भांडीवाले ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तोच हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. हेच रूळ ठेवा.

निकेल सिल्व्हरवरही थर चढतोच. स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीच्या तेलाची वाफ, देवघरातल्या उदबत्तीचा धूर, ऊस गाळपाच्या हंगामात उडून येणारी काजळी, सगळं रुळाच्या माथ्यावर बसतं. त्यात चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या पडतात आणि थर काळा, चिवट होतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. जुन्या सुती बनियनचा तुकडा त्यात ओला करून बोटाला गुंडाळा आणि रुळाचा माथा व आतली कड पुसा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसत राहा. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन रुळावर चिकट राहतं. थिनर प्लॅस्टिकचे स्लीपर विरघळवतो. आणि पॉलिश पेपरनं रूळ घासण्याचा मोह टाळा. त्या वेळी रूळ चकचकीत दिसतात, पण पडलेल्या ओरखड्यांत पुढचा मळ घट्ट बसतो आणि पुढच्या वेळी निघत नाही.

आता जोड. कंट्रोलरच्या तारा जिथे जोडल्या आहेत तिथून सर्वांत लांबचा रुळाचा तुकडा शोधा. इंजिन तिथे चालत असताना मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन रुळांमधला दाब मोजा, नंतर तसाच तारांजवळ मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर जोड सैल किंवा गंजलेले आहेत. इंजिन उचलून ठेवून मोजलं तर फरक दिसणार नाही, वीज वाहत असतानाच तो दिसतो. जोडाच्या पत्र्याच्या पट्ट्या लहान पक्कडीनं हलक्या दाबा किंवा नव्या घाला. खरा इलाज मात्र वेगळा आहे. फळीखालून १ स्क्वेअर एमएमच्या दोन जाड तारा फिरवा आणि दर मीटरभर अंतरावर ०.५ स्क्वेअर एमएमच्या तारेनं दोन्ही रुळांना सोल्डरचा डाग द्या. जोडांवर विसंबून राहिलेला रूळमार्ग आज ना उद्या दगा देतो.

रूळ झाले की चाकं. नव्या इंजिनची चाकं स्वच्छच असतील असं धरून चालू नका. कारखान्यातलं तेल पॅकिंगमध्ये पसरून चाकांच्या कडांवर येतं, हे नव्या इंजिनच्या अडखळण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. टिश्यू पेपरची पट्टी अल्कोहोलमध्ये ओली करून रुळांवर आडवी टाका. इंजिनची एक बोगी (खालचा चाकांचा संच) पट्टीवर आणि दुसरी कोरड्या रुळावर ठेवा, इंजिन हातानं धरून अर्ध्या वेगानं चाकं फिरू द्या. पट्टीवर काळ्या रेघा उमटतील. पट्टी सरकवत राहा, रेघा थांबल्या की दुसऱ्या बोगीची पाळी.

यानंतरही अडखळत असेल तर पत्त्या तपासा. इंजिन स्पंजवर उलटं ठेवा. मल्टीमीटर बीपवर लावा, एक टोक पुढच्या बोगीच्या उजव्या चाकाला आणि दुसरं मागच्या बोगीच्या उजव्या चाकाला टेकवा. बीप आलाच पाहिजे. एकेक करून उजवीकडची सगळी चाकं पाहा, मग डावीकडची. रबराची कडी बसवलेलं चाक असेल तर ते वीज घेत नाही, ते सोडून द्या. एखादं चाक गप्प राहिलं तर त्याची पत्ती वाकून दूर गेलेली असते. ती टोकदार चिमट्यानं चाकाकडे केसभर वाकवा. जास्त दाबलीत तर ती ब्रेकचं काम करील, आणि आधीचं दुखणं परवडलं म्हणायची वेळ येईल.

त्रिज्येचंही बघून घ्या. १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. चार आसांच्या इंजिनला ती चालते, पण सहा आसांचं लांब डिझेल या वळणावर कडा घासत जातं आणि दर वळणावर मंदावतं. इंजिनच्या माहितीपत्रकात किमान त्रिज्या दिलेली असते. ती २२ इंच असेल तर इंजिनला दोष देऊ नका, वळण मोठं करा.

एवढं झाल्यावर इंजिनला सराव द्या. डबे न जोडता, निम्म्या वेगानं, पुढे अर्धा तास आणि मागे अर्धा तास. नव्या कार्बन ब्रशचं टोक सपाट असतं आणि ते मोटरच्या फिरणाऱ्या ज्या भागाला, म्हणजे कम्युटेटरला, टेकतं तो गोल. सरावानं ब्रशला ती गोलाई येते आणि संपर्क वाढतो. एका जागी साठलेलं ग्रीसही दातांवर पसरतं. दर दहा मिनिटांनी टपावर हात ठेवून पाहा, कोमट लागलं तर ठीक. सरावानंतर मल्टीमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून एका तारेत मालिकेत जोडा. एकट्या इंजिननं सपाटीवर साधारण ०.१५ ते ०.३५ अँपिअर घ्यावेत. अर्ध्या अँपिअरच्या वर आकडा गेला तर आत काहीतरी घासतं आहे, आणि आता मात्र ते उघडण्याचा नव्हे, दुकानदाराकडे परत देण्याचा विषय आहे. परत देताना वर केलेली मोजमापं कागदावर लिहून सोबत द्या. ‘नीट चालत नाही’ एवढ्यावर कोणी लक्ष देत नाही, ‘उजवीकडचं तिसरं चाक वीज घेत नाही’ म्हटलं की लगेच देतात.

प्रश्न : वाफेचं इंजिन लंगडतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा थबकतं, वेग वाढवला की कळत नाही. तेल घातलं, फरक नाही.
— एक वाचक, वाई

तेलानं फरक पडला नाही हीच मोठी खूण आहे. वाफेच्या इंजिनात डावीकडची आणि उजवीकडची चाकं एकमेकांशी ९० अंशांत बसवलेली असतात. एका बाजूचा दांडा अगदी पुढे किंवा मागे असतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा वर किंवा खाली असतो. हे नातं प्रत्येक आसावर अगदी सारखं हवं. एक चाक आसावर चार-पाच अंश जरी फिरलं, तरी जोडदांडे एका ठिकाणी ताणले जातात आणि इंजिन तिथेच थबकतं.

पण चाकांपर्यंत जाण्याआधी दांड्यांचे स्क्रू पाहा. नव्या इंजिनात एखादा स्क्रू जास्त आवळलेला असतो आणि दांडा चाकावर चिकटून बसतो. दांडा बोटानं आत-बाहेर किंचित हलला पाहिजे. हलत नसेल तर स्क्रू पाव फेरा सैल करा, त्याहून जास्त नको, नाहीतर तो चालता चालता गळून पडेल. दांडा वाकलेला नाही ना, हे डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहा. खोक्यातून काढताना इंजिन दांड्यांना धरून उचललं तर दांडा वाकतो, म्हणून नेहमी बॉयलर आणि चाकांवरची चौकट यांना धरून उचलावं.

स्क्रू आणि दांडे ठीक असतील तर मार्करनं एका चाकाच्या कडेवर ठिपका द्या आणि अगदी मंद वेगात चालवा. दर वेळी ठिपका एकाच स्थितीत असताना थबकत असेल तर दोष चाकाच्या कोनाचा किंवा आसावरच्या चिरलेल्या गिअरचा. दोहोंत फरक असा ओळखा: कोन चुकला असेल तर तो अडथळा दांड्यांत दिसतो, ते तिथे हिसका खातात. गिअरला चीर असेल तर दांडे सैलच राहतात, पण ‘टिक’ असा बारीक आवाज येतो. कोन बसवायला जिग (चाकं नेमक्या कोनात धरून ठेवणारा साचा) लागते, अंदाजानं चाक फिरवून तो कधीच नीट बसत नाही. हमी चालू असेल तर यात स्वतः हात घालू नका.

प्रश्न : नातेवाइकांनी अमेरिकेहून पूर्ण सेट आणला. त्यातला पॉवर पॅक आपल्या प्लगचा अडॅप्टर लावून इथे वापरता येईल का?
— एक वाचक, कराड

अजून लावला नसेल तर कृपा करून लावू नका. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. १२० चा ट्रान्सफॉर्मर २३० वर लावला तर तो तापून जळतो, आणि त्यात इंजिनही जाऊ शकतं.

पॅकच्या तळावरची चिठ्ठी वाचा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलं असेल तर तो बिनधास्त चालेल. फक्त १२० छापलं असेल तर दोन मार्ग आहेत. २३० चे ११० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, १०० व्हीएचा पुरतो. मात्र ६० हर्ट्झसाठी बनवलेला पॅक ५० वर जरा जास्त तापतो, म्हणून तासनतास चालवू नये. आम्हाला दुसरा मार्ग पसंत आहे: इथलाच १२ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला डीसी अडॅप्टर आणि त्यापुढे डीसी मोटरचा वेग कमी-जास्त करणारा, दिशा बदलण्याचं बटण असलेला कंट्रोलर. रुळाकडे जाणाऱ्या एका तारेत १ अँपिअरचा पॉलिफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) टाका. गाडी रुळावरून घसरून दोन रूळ जोडले गेले की तो सगळं वाचवतो.

आणखी एक. बऱ्याच पॅकना तारांच्या दोन जोड्या असतात. एक रुळासाठी डीसी, दुसरी दिवे आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) चालवण्यासाठी साधारण १६ व्होल्ट एसी. रूळ चुकून दुसऱ्या जोडीला लागला तर इंजिन जागेवर गुणगुणतं, हलत नाही आणि मिनिटाभरात गरम होतं. नवं इंजिन गुणगुणलं की ताबडतोब बंद करा आणि आधी या तारा पाहा.

प्रश्न : डीसीसी डिकोडर बसवलेलं इंजिन माझ्या जुन्या डीसी कंट्रोलरवर चालवतो. नॉब निम्म्यापर्यंत फिरवला तरी काही होत नाही, मग एकदम सुसाट सुटतं.
— एक वाचक, मिरज

इंजिनात दोष नाही. डीसीसी म्हणजे रुळातूनच इंजिनला डिजिटल आज्ञा देण्याची पद्धत, आणि त्या आज्ञा वाचणारा डिकोडर म्हणजे लहानसा संगणक आहे, त्याला जागं व्हायलाच ५-६ व्होल्ट लागतात, आवाजवाल्या डिकोडरला त्याहून जास्त. तोवर तो मोटरला काही देत नाही. तो जागा होतो तेव्हा नॉब बराच पुढे गेलेला असतो, म्हणून इंजिन उडी मारतं. तुमचा कंट्रोलर तुकड्या-तुकड्यांत वीज देणाऱ्या पीडब्ल्यूएम पद्धतीचा असेल तर डिकोडर आणखीच गोंधळतो, कधी दिवे लुकलुकतात, कधी इंजिन उलट्या दिशेनं निघतं.

डीसीवरच राहायचं असेल तर डिकोडर काढून त्या सॉकेटमध्ये बंद पट्टी (डिकोडरऐवजी वीज थेट मोटरला जोडणारी) बसवा. ती बहुतेक वेळा इंजिनच्या खोक्यात वेगळ्या पिशवीत येते. ८ पिनांची असेल तर पहिल्या पिनची खूण जुळवून बसवा.

डीसीसी घेणार असाल तर हेच इंजिन उत्तम चालेल. नव्या डिकोडरचा पत्ता, म्हणजे ओळख क्रमांक, ३ असतो. कोणी आधी सेटिंग बदललं असेल आणि इंजिन दाद देत नसेल तर बऱ्याच डिकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये (सीव्ही म्हणजे सेटिंगचा क्रमांकित कप्पा) ८ लिहिलं की ते मूळ स्थितीत येतात. सुरुवातीचा दाब सीव्ही २ मध्ये असतो: चाकं हलायच्या आधी मोटर कुंथत असेल तर तो एकेक आकड्यानं वाढवा. सीव्ही ३ आणि ४ वेग घेण्याचा आणि कमी होण्याचा वेळ ठरवतात. ते फार मोठे असले की नॉब फिरवल्यावर इंजिन कितीतरी वेळ हलत नाही, आणि माणसाला वाटतं बिघडलं. सीव्ही २९ मध्ये वेगाचे २८/१२८ टप्पे चालू आणि डीसीवर चालण्याची परवानगी असेल तर आकडा ६ असतो. ती परवानगी काढली की २ होतो. डीसीसी रुळावर गचक्यांनी इंजिन एकदम पळत सुटण्याचा त्रास असेल तर २ करून पाहा, अनेकदा तेवढ्यानंच थांबतो.

डिकोडर नसलेलं इंजिन मात्र डीसीसी रुळावर ठेवू नका. मोटर किणकिणते, तापते, आणि कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर तर थोड्या वेळात जळते.

प्रश्न : इंजिनला कोणतं तेल घालावं? घरी शिलाई मशीनचं तेल आणि खोबरेल आहे.
— एक वाचक, सातारा

दोन्ही नको. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, साताऱ्याच्या थंडीत गिअरमध्ये त्याचा लगदा होईल, शिवाय कालांतराने ते चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल धातूला चांगलं, पण काही प्लॅस्टिकना त्यानं बारीक भेगा पडतात. ‘प्लॅस्टिकला चालतं’ असं बाटलीवर छापलेलं हलकं सिंथेटिक तेल आणा. गंज सोडवायचे स्प्रे तर मुळीच नको, ते मोटरमध्ये शिरून ब्रशवर बसतात.

प्रमाण महत्त्वाचं. बाटलीतून थेट थेंब सोडू नका. टाचणीचं टोक तेलात बुडवा, त्याला लागेल तेवढंच एका बेअरिंगला. मोटरच्या दोन टोकांना एकेक, आसांच्या टेकूंना एकेक. गिअरना प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस काडीच्या टोकावर मुगाच्या निम्म्याएवढं, वर्म गिअरवर (मोटरच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गिअरवर). कम्युटेटर आणि ब्रश यांना तेलाचा स्पर्शही नको. नव्या इंजिनात तर आधीच जास्त तेल असण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी पुसा, मग वाटलं तर घाला.

प्रश्न : सरळ रुळावर छान, सांध्यावर थांबतं. दुसरं इंजिन तिथेच कंट्रोलर ट्रिप करतं.
— एक वाचक, तासगाव

दोन इंजिनांचे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याचं असं: स्वस्त सांध्यांत मधलं क्रॉसिंग (दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा) प्लॅस्टिकचं किंवा वीज नसलेलं असतं. आखूड इंजिनची वीज घेणारी चाकं नेमकी एकाच वेळी त्यावर आली की ते थांबतं. वरच्या पहिल्या उत्तराप्रमाणे सगळी चाकं वीज घेतात का ते आधी पाहा. घेत असतील तरी थांबत असेल, तर क्रॉसिंगला वीज देणारा सांधा घ्या.

दुसऱ्या इंजिनमध्ये धातूचं चाक क्रॉसिंगजवळ दोन उलट्या ध्रुवांच्या रुळांना एकाच वेळी टेकतं. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरनं मोजा. एचओला ते १४.४ मिमीच्या आसपास हवं. कमी असेल तर चाकं आसावर समान बाहेर ओढा, जास्त असेल तर आत दाबा, दोन्ही बाजूंनी सारखं. अंतर बरोबर असूनही ट्रिप होत असेल तर जिथे दोन रूळ अगदी जवळ येतात त्या टोकांवर रंगहीन नेलपॉलिशचा एक हात द्या. काही महिन्यांनी तो झिजतो, परत द्यावा लागतो, पण काम होतं.

प्रश्न : चढावर चाकं जागेवर फिरतात. सहा डबे आहेत.
— एक वाचक, कोरेगाव

चढ मोजा. एक मीटरला २ सेंटिमीटर, म्हणजे ५० ला १, इथवर ठीक. खऱ्या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे आणि तिथे गाडीमागे जादा इंजिनं जोडतात, तेव्हा तुमचा चढ त्याहून कडक असेल तर एका इंजिनकडून ती अपेक्षा ठेवू नका. चढ सुरू होतो तिथे रूळ एकदम मोडू नये, अर्धा मीटर हळूहळू उचलत न्यावा. डबे चाकांवर मोकळे घरंगळतात का पाहा, एक घासणारा डबा तीन डब्यांएवढा ओढला जातो. मग टायरवाल्याकडची चिकटपट्टीची ५ ग्रॅमची वजनं इंजिनच्या टपाखाली, दोन्ही बोग्यांवर समान लावा. एकेक वाढवत जा आणि एक मर्यादा पाळा: इंजिन हातानं अडवलं तर चाकं फिरत राहिली पाहिजेत. चाकं थांबून मोटर अडकली, तर वजन जास्त झालं, ती मोटर जळेल.

प्रश्न : मिरज-पंढरपूर नॅरो गेजची गाडी एचओ मापात करतो आहे. ९ मिमीच्या चेसिसवर (चाकं-मोटरसह तयार सांगाड्यावर) इंजिन बांधलं, पण मंद चालतच नाही, सारखं थांबतं.
— एक वाचक, मिरज

माप तुम्ही अचूक निवडलं आहे. खऱ्या नॅरो गेजचे ७६२ मिमी भागिले ८७ म्हणजे ८.७६, तेव्हा ९ मिमीचा रूळ जवळजवळ हुबेहूब आहे. (ब्रॉड गेजची गंमत उलटी: १६७६ ला ८७ नं भागलं तर १९.३ मिमी येतात, आणि आपण सगळे एचओच्या १६.५ मिमी रुळावर चालवतो.) अडचण इंजिनच्या हलकेपणाची आहे. चारच चाकं, त्यावर प्लॅस्टिकचं टप, रुळाला टेकणारा भार जेमतेम.

इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शी लाइट रेल्वे (तुमचा मिरज-पंढरपूर मार्ग पुढे जिच्यात आला ती नॅरो गेज) बांधली तेव्हा प्रत्येक आसावर सारखाच ५ टन भार ठेवला होता. १८९७ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गाचं तेच सूत्र तुमच्या मॉडेलला लागू आहे. वजन वाढवा, पण ते दोन्ही आसांवर समान पडेल असं. इंजिन पेन्सिलवर आडवं तोलून पाहा, तोल दोन आसांच्या बरोबर मध्ये आला पाहिजे. टपाच्या पोकळीत शिशाचा पत्रा कापून भरा, काम झाल्यावर हात साबणानं धुवा. मग पहिल्या डब्याच्या धातूच्या चाकांनाही पत्त्या लावा आणि दोन केसाएवढ्या मऊ तारांनी डबा इंजिनला कायमचा जोडा. वीज घेणारी चाकं चारावरून आठावर किंवा बारावर जातात, आणि मंद चालण्यात जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानंही पडत नाही.

वेगाचं म्हणाल, तर ही चेसिस बहुतेक वेळा जलद गाड्यांसाठी गिअर केलेली असते. लोखंडी गाभ्याची मोटर असेल तर पीडब्ल्यूएम कंट्रोलरनं ती बरीच मंद चालते. कोअरलेस असेल तर कमी वारंवारतेचा पीडब्ल्यूएम तिला तापवतो, तिथे साधा शुद्ध डीसी कंट्रोलरच ठेवा. आणि इतक्या लहान इंजिनसाठी रूळ दर वेळी चालवण्याआधी पुसावे लागतात. एचओचं जड डिझेल ज्या धुळीवरून जातं तिच्यावर हे थांबतं.